प्रतिकारशक्ती वाढवायची की आवरायची?

शौचावाटे रक्त पडू लागलं की सांगलीजवळच्या कुपवाडात पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: मूळव्याध, नाहीतर उष्णता. सब्जा, ताक, मलम यांत महिने निघून जातात. मूळव्याधीतलं रक्त लालभडक असतं आणि बहुधा शौचाच्या शेवटी पडतं. रक्तासोबत आव, झोपेतून उठवणारी कळ, जुलाब आणि घटतं वजन असेल, तर अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारांची शंका घ्यायलाच हवी. खात्री दुर्बिणीने आतडं पाहून आणि तुकडा तपासून होते. ती सोय मिरज-सांगलीत आहे, पुण्या-मुंबईपर्यंत धावायची गरज नाही.

निदानानंतरचा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: ‘प्रतिकारशक्ती कमी पडली.’ मग गुळवेल, काढे सुरू होतात. वस्तुस्थिती उलट आहे. मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात आणि निरोगी शरीर त्यांना खपवून घेतं. या आजारात आनुवंशिक कल आणि परिस्थिती मिळून ती सहनशीलता ढळते. संरक्षक पेशी स्वतःच्याच जिवाणूंवर तुटून पडतात आणि मार बसतो आतड्याच्या अस्तराला. म्हणून याला निव्वळ ‘शरीर स्वतःवर उलटलं’ म्हणणंही अपुरं आहे. आतड्याचा दाह होईल असा जनुकीय बदल केलेले काही उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांना हा दाह होतच नाही. अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधं प्रतिकारशक्तीला आवरतात ती यासाठीच. गुळवेलीबद्दल तर २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तरी भडकलेल्या प्रतिकारशक्तीला आणखी चेतवण्याचा प्रयोग रुग्णाने करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मग जंतूच मारून टाकावेत? तेही नाही. क्रोन्सच्या रुग्णांत दाह शमवणारे काही उपयोगी जिवाणू आधीच घटलेले असतात. मनाने घेतलेल्या अँटिबायोटिक्सनी उरलेलेही जातात. सोसत असेल तर दही जरूर खावं, पण ते औषधाची जागा घेत नाही.

निदानात आणखी एक अडचण असते: आपल्याकडे क्षय फार. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात. क्षय असताना क्रोन्स समजून दाह कमी करणारं स्टेरॉइड दिलं तर तो बळावतो, त्यामुळे डॉक्टरांनी क्षयाच्या तपासण्या सांगितल्या तर वेळ घालवताहेत असं समजू नये.

आणि घरगुती उपायांत राहिली हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा अभिमान रास्तच आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेसालामिन हे दाह कमी करणारं औषध चालू असलेल्या कोलायटिसच्या ५० रुग्णांपैकी काहींना महिनाभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिलं. त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा आजार आटोक्यात आला. पण हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे तेवढ्यासाठी रोज सुमारे १०० ग्रॅम हळद लागेल! दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तेव्हा फरक पडला नाही. शिवाय जास्त मात्रेच्या कर्क्युमिन कॅप्सूल, विशेषतः काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या, यकृताला बाधल्याच्या नोंदी आहेत. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि तेही मेसालामिन चालू ठेवून.