राजवाड्यातील पाठशाळा

रायपूरच्या राजकुमार कॉलेजचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८८२ मध्ये जबलपूर येथे निघालेली ही शाळा पुढे रायपुरास आली. पुण्यात त्यापूर्वी साठ वर्षे याच्या उलट प्रकार घडला होता. तेथे राजपुत्रांसाठी शाळा निघाली नाही, तर राज्यकर्त्याचा राहता वाडाच शाळेला मिळाला. तो वाडा म्हणजे विश्रामबाग.

दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा सुमारे दोन लाख रुपये खर्चून बांधविला. १८०७-०८ च्या सुमारास तो पुरा झाला. शनिवारवाडा कोटाबुरुजांच्या आत दडलेला. विश्रामबागेस तट नाही. तिचे दर्शनी अंग आज सरळ बाजीराव रस्त्याकडे पाहते. दरवाजावरील लाकडी सज्जा, सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेली केळफुले यांपुढे वाटसरू अजूनही थबकतो.

परंतु मला या कोरीवकामाहून वाड्याची मांडणी अधिक विचार करण्याजोगी वाटते. मराठी वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो; खांबांमधल्या भिंती बहुधा भरावाच्या. त्यामुळे एखादी भिंत काढून दोन खोल्यांचे दालन करता येते, किंवा दालनास आड घालून दोन वर्ग. मध्ये उघडा चौक, भोवती ओसरी, ओसरीमागे खोल्या. उजेड आणि वारा चौकातून येतो, रस्त्याचा गलबला मात्र आत पोचत नाही. पाठ घेणाऱ्या शास्त्र्याला याहून निराळे काय हवे होते?

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि बाजीरावाने पुणे सोडले. पेशवे दरवर्षी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. त्या रकमेचा काही भाग विद्यादानाकडे वळवावा, असे नव्या सरकारने ठरविले, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकिर्दीत या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक असे विषय. ज्याचे राज्य घेतले त्याच्याच घरात, त्याच्याच दानाची परंपरा पुढे चालविल्याचे दाखवायचे, यात राजकारणही होतेच. १८५१ मध्ये सरकारी इंग्रजी शाळा पाठशाळेस जोडून पूना कॉलेज झाले. तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. आज आपण पाहतो तो तट आणि जोती. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा जळाला. त्याच वेळी विश्रामबागेची पूर्वेकडची बाजूही पेटली. या आगी लावलेल्या होत्या. तथापि विश्रामबागेचा जळका भाग लोकवर्गणीने व नगरपालिकेच्या साहाय्याने पुन्हा उभा राहिला. सरकारी नोकरीत दिवस घालविलेल्या माणसाला एवढे कळते, की रिकाम्या वास्तूच्या दुरुस्तीचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास वर्षे लागतात. जेथे माणसांचा रोजचा राबता आहे, तेथे छप्पर गळू लागले की त्याच दिवशी कोणीतरी तक्रार घेऊन येतो. माझ्या मते विश्रामबाग वाचली ती या राबत्यामुळे. तिच्या केळफुलांमुळे नव्हे. पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्याही तेथे आल्या. कारकुनांच्या कपाटांनी नक्षीदार खांब झाकले हे खरे, पण तेच खांब आज जागेवर उभे आहेत.