भोकराचं झाड आणि फोनमधलं चूर्ण

भोकर हे आमच्या गावाचं नाव आणि भोकर हे झाडाचंही नाव. उन्हाळ्यात त्याला हिरव्या गोट्यांसारखी फळं लागतात. फळ फोडलं की आतला चिकट बलक बोटांना असा धरतो, की मीठ चोळल्याशिवाय सुटत नाही. संस्कृतात हेच झाड श्लेष्मातक, हिंदीत लसोडा. लोणचं तर त्याचं होतंच, आणि खोकल्यावर त्याचा काढा देणाऱ्या आज्या आपल्यातल्या अनेकांनी पाहिल्या आहेत.

म्हणूनच शेजारच्या मावशी फोन पुढे करून म्हणाल्या, "बघ रे बाबा, आपल्या भोकराचंच चूर्ण हाय. साखर मुळासकट जाते म्हणतेत." पडद्यावर जाहिरातीचं हिरवंगार पान होतं. खलबत्ता, पांढऱ्या दाढीचे एक वैद्य, १,४९९ वर काट मारून ६९९, आणि त्याखाली सेकंदासेकंदाने कमी होणारं घड्याळ. चौकशी केली तेव्हा कळलं, डबा आठ दिवसांपूर्वीच घरी आला होता. मावशींनी साखरेच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या होत्या.

मावशींचा विश्वास होता तो झाडावर, आणि तो काही खोटा नव्हता. पण झाड ओळखीचं असलं म्हणून विकणारा ओळखीचा होत नाही. असली पानं चालतात ती या उसन्या विश्वासावर. झाडाची पत आपल्या आज्यांनी कमावलेली, आणि ती वापरतो भलताच माणूस. म्हणून त्या दुपारी आम्ही दोघांनी ते पान सावकाश, तळापासून वर वाचत नेलं. तसंच इथे सांगतो.

तळापासून अशासाठी, की वरचा भाग विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि तळाचा भाग कायद्याच्या भीतीने. तळाशी बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता आहे का, ते आधी पाहायचं. मावशींच्या पानावर फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता. मग डब्याचा फोटो बोटांनी मोठा करायचा. आयुर्वेदिक औषध बनवायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो; आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. त्या परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, मुदत आणि घटकांची यादी लेबलवर असावी लागते. मावशींच्या डब्यावर एक चौदा अंकी क्रमांक होता आणि शेजारी एफएसएसएआयचं चिन्ह. तो खाद्यपदार्थाचा क्रमांक. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची साधी नोंदणी. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे चूर्ण मसाल्याच्या पुडीच्या रांगेतलं, आणि खाद्यपदार्थाला रोग बरा करतो असं म्हणायची मुभाच नाही.

त्याच्याही खाली बारीक इंग्रजीत एक ओळ होती: हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही. हे वाक्य अमेरिकेच्या १९९४ च्या पूरक आहाराच्या कायद्यातून आलंय, आणि इथली पानं ते जसंच्या तसं उचलतात. मी मावशींना त्याचा अर्थ सांगितला. वर मराठीत मोठ्या अक्षरांत "मुळासकट", आणि खाली त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत "उपचारासाठी नाही". त्या बराच वेळ गप्प बसल्या.

आता दाव्याकडे. १९५४ सालचा औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ रोगांची यादी आहे, आणि आमचं औषध हे रोग बरे करतं अशी जाहिरात करायला बंदी आहे. पॅथी कोणतीही असो. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, हृदयरोग, मोतीबिंदू, मुतखडा, लठ्ठपणा, पक्षाघात, उंची वाढवणं, सगळं त्या यादीत आहे. म्हणून "साखर मुळासकट" हे शब्द दिसले की चूर्णात काय आहे हे तपासायच्या आधीच एक गोष्ट पक्की होते: हा विक्रेता कायदा मोडून तुमच्याशी बोलतोय.

पुढची ओळ होती "संशोधनाने सिद्ध". इथे मी जास्त वेळ थांबलो, कारण फसगत इथे होते आणि शिकलेल्यांचीही होते. भोकरावर संशोधन झालेलं आहे, हे खरं. पण ते बहुतेक काचेच्या नळीतलं किंवा उंदरांवरचं. नळीत अर्क थेट पेशींवर ओततात. माणसाच्या पोटात तोच अर्क पचतो, यकृतातून जातो, रक्तात कितीसा उरतो कोण जाणे. उंदरावर दिसलेला गुण माणसात दिसेलच असं नाही. माणसांवरची चांगली चाचणी म्हणजे लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यायची, आणि कोणाला काय मिळालं हे निकालापर्यंत झाकून ठेवायचं.

गुग्गुळाचं उदाहरण घ्या. कोलेस्टेरॉलवर गुग्गुळ चालतो असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे अशी झाकून चाचणी झाली आणि २००३ मध्ये निकाल छापला गेला. गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरलं तर नाहीच, थोडं वाढलं. म्हणून सगळी झाडं निरुपयोगी ठरतात असं मुळीच नाही. इसबगोलाने बद्धकोष्ठ सुटतं, सोनामुखीने पोट साफ होतं, हे चाचण्यांनीही दाखवलंय. पण इसबगोलाचा डबा पोटापुरतंच बोलतो. एकच चूर्ण साखर, सांधे, केस आणि वंध्यत्व अशा सगळ्यांवर चालतं म्हणणाऱ्याकडे यातल्या एकाचाही पुरावा नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. "क्लिनिकल ट्रायल झाली" असं लिहिलं असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागायचा. आपल्या देशात अशा चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते.

मग शिक्के आले. सोनेरी गोलात "जीएमपी", म्हणजे माल चांगल्या उत्पादन पद्धतीने बनवल्याचा दावा. २००८ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली. जवळपास पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि अशा धातूवाल्या मालापैकी पाऊण माल जीएमपीचा दावा करणाऱ्यांचाच होता. पानावरचा गोल हे नुसतं चित्र. खरं प्रमाणपत्र क्रमांकासह मागावं लागतं. "पेटंट प्राप्त" याचंही तसंच. १९९५ मध्ये अमेरिकेने हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने छापील दाखले पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पेटंट शोधाची मालकी सांगतं. ते औषध लागू पडतं का, हे सांगत नाही.

घटकांच्या यादीत नुसतं "भोकर" होतं. शास्त्रीय नाव नाही, फळ की साल ते नाही, प्रमाण नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते गुळवेलीने शिकवलं. करोनाच्या दिवसांत लोक ती तोडून काढे करून पीत होते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची नीट ओळखच पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद बाजूला ठेवा. रुग्णाने नेमकं काय प्यायलं, यावर डॉक्टर आणि मंत्रालय यांचं एकमत होत नसेल, तर बिननावाच्या चूर्णात काय आहे हे फोनवर कसं कळणार?

एक धोका वेगळा सांगतो. चूर्णाने दुखणं दोन दिवसांत पार गेलं तर खूश व्हायच्या आधी सावध व्हा. सांधेदुखीच्या "हर्बल" पुड्यांत स्टेरॉइड आणि साखरेच्या पुड्यांत अ‍ॅलोपॅथीची गोळी कुटून मिसळलेली अनेकदा सापडली आहे. त्यातही स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर पुडी एकदम बंद करणंही घातक ठरतं. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जावं.

अभिप्रायांवर वेळ घालवू नका. पानावरच्या "लातूरच्या शिक्षिके"चा फोटो मी फोनच्या चित्रशोधात टाकला. तोच चेहरा दुसऱ्या दोन पानांवर वेगळ्या नावांनी निघाला. दाढीवाल्या वैद्यांचा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. राज्यातल्या वैद्यांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, आणि खऱ्या वैद्याला तो क्रमांक सांगायला संकोच वाटत नाही. आयुर्वेदच घ्यायचा असेल तर नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथे समोर बसलेला माणूस नाडी बघतो, रिपोर्ट बघतो, आणि चालू असलेल्या गोळ्याही विचारतो.

शेवटी मावशींनीच सुचवलं, "त्या नंबरला विचार की." मी लिहिलं: औषधाचा परवाना क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता पाठवा. दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळाने उत्तर आलं: आज ऑर्डर केल्यास एकावर एक डबा मोफत.

मावशींनी फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही डबा पिशवीत घालून त्यांच्या डॉक्टरकडे गेलो. उपाशीपोटी साखर २८६ भरली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. परत येताना त्यांनी बाजारातून अर्धा किलो भोकरं घेतली, लोणच्यासाठी.