प्रेमकादंबरीचा संशयित वाचक

1962 सालच्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. निशिकांत नावाचा तिशीतला कवी, पोटापाण्यासाठी शाळेत मास्तर, आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तिघी: नीला, वनिता आणि श्यामा. काकोडकरांच्या वाचकाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पण अश्लील साहित्याविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या एका गृहस्थांनी फिर्याद केली आणि लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता असे तिघे भारतीय दंड संहितेच्या कलम 292 खाली कोर्टात उभे राहिले. मॅजिस्ट्रेटने लेखक-प्रकाशकांना निर्दोष ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दोघांना प्रत्येकी 25 रुपये दंड केला आणि त्यांच्याकडचे अंक नष्ट करायला सांगितलं. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. 25 ऑगस्ट 1969 रोजी तिथे ते सुटले.

पंचवीस रुपयांचा दंड भरून प्रकरण मिटवता आलं असतं. मग मराठी लेखकाची एक कथा दिल्लीच्या न्यायमूर्तींसमोर शब्दाशब्दाने वाचली गेली नसती आणि भारतातल्या अश्लीलतेच्या कायद्याचा एक महत्त्वाचा निकालही झाला नसता. पाचच वर्षांपूर्वी, 1964 मध्ये, याच न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईतले पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली होती. ‘श्यामा’च्या वेळी सूर निराळा लागला. ही कथा म्हणजे मोठं वाङ्मय आहे, असं न्यायालयाने कुठेही म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच की समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, शृंगाराचा भाग असलेलं कितीतरी साहित्य प्रौढांच्या आणि पौगंडातल्या मुलांच्याही हाती आधीपासून आहे, सिनेमाही कुठल्या कुठे गेला आहे. तेव्हा एखाददुसरा वाचक बिघडेल का, हा प्रश्न नाही. पुस्तक ज्या वाचकवर्गाच्या हाती जाणार, त्या वर्गाचं काय होईल ते बघायचं.

खटला लेखकावर होता, पण संशय होता तो वाचकावर. ‘श्यामा’ वाचून कुणाचं तरी पाऊल घसरेल, ही धास्ती. हा ‘कुणीतरी’ नेमका कोण, हे कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. प्रेमकादंबरीच्या वाचकाचा इतिहास बराचसा असाच आहे. त्याच्याबद्दल समीक्षक बोलतात, पालक बोलतात, वकील बोलतात. तो स्वतः मात्र पुढच्या पुस्तकाची चौकशी करत असतो.

मराठीत या वाचकाला सगळ्यात गंभीरपणे घेतलं ते ना. सी. फडक्यांनी. 1894 साली कर्जतला जन्मलेले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे हे प्राध्यापक ‘दौलत’, ‘अटकेपार’, ‘निरंजन’ अशा कादंबऱ्यांतून महाराष्ट्राच्या कॉलेजकुमारांना टेनिस, मोटार आणि प्रेमपत्र यांची गोडी लावत होते. कादंबरी कशी रचायची, सुरुवात कुठे करायची, रहस्य किती वेळ ताणायचं, याचं शास्त्रच त्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये मांडलं. वाचकाला पान उलटायला लावणं हे त्यांच्या लेखी कसब होतं, आणि त्या कसबाची त्यांना लाज वाटत नव्हती. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केलेले वि. स. खांडेकर त्याच काळात ध्येयवादी नायक-नायिकांच्या कादंबऱ्या लिहीत होते. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद या दोघांच्या नावाने रंगला. वाचनालयाच्या सभासदाने मात्र या वादात बाजू घेतल्याचं दिसत नाही. तो दोघांचीही पुस्तकं आलटूनपालटून घरी नेत राहिला.

फडक्यांच्या वाट्याला मानही भरपूर आला. 1940 मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, 1962 मध्ये पद्मभूषण. ‘श्यामा’ छापून आली तेही 1962 साल. एका प्रेमकथाकाराला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान आणि दुसऱ्याला समन्स, तेही एकाच वर्षाच्या लेखनाच्या हंगामात! दोघांच्या लेखनात फरक होता, हे उघड आहे. फडक्यांचा नायक बंगल्यात राहायचा आणि काकोडकरांचा शाळेत खडू झिजवायचा. फडक्यांचं पुस्तक दिवाणखान्यात उघडं ठेवता यायचं, काकोडकरांचं बहुधा उशीखाली जायचं. समाजाच्या नजरेत मोठी तफावत होती ती इथेच.

खटला चालू असतानाच्या काळात काकोडकरांची दुसरी एक कादंबरी मुंबईच्या स्टुडिओत पोचली होती. ‘नीलांबरी’वरून राज खोसला यांनी ‘दो रास्ते’ काढला. निकाल ऑगस्टमध्ये लागला आणि डिसेंबरमध्ये सिनेमा आला. राजेश खन्ना-मुमताजची जोडी, लक्ष्मीकांत-प्यारेलालची गाणी, थोरल्या भावाच्या भूमिकेत बलराज साहनी आणि श्रीमंतीच्या तोऱ्यात घर फोडणारी सून म्हणून बिंदू. ज्या लेखकाचा अंक जाळण्याइतका वाईट ठरला होता, त्याच लेखकाची गोष्ट आता आजी-नातवंडं एका रांगेत बसून बघत होती. पुढे 1978 मध्ये खोसलांनी काकोडकरांच्याच ‘अशी तुझी प्रीत’वरून ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ केला. नवऱ्याच्या आयुष्यातल्या कोठीवरच्या बाईचा मुलगा आपल्या अंगणात वाढवणारी पत्नी नूतनने उभी केली आणि त्या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअर मिळालं. दुसऱ्या बाईला खलनायिका न करता तिच्या बाजूनेही रडायला लावणारी ही रचना. मराठी लायब्ररीच्या कळकट पुठ्ठ्याआडून ती देशभर गेली.

छत्तीसगडमधल्या भिलाईसारख्या गावात हे ‘देशभर’ म्हणजे काय, ते नीट दिसतं. 1955 च्या फेब्रुवारीत पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं आणि दुर्गजवळच्या भातशेतांत सेक्टरमागून सेक्टर उभे राहिले. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, उडिया, मराठी अशी कुटुंबं एका ओळीतल्या क्वार्टर्समध्ये राहायला आली. मराठी माणूस इथे पाहुणा नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत दुर्ग जिल्हा नागपूर ज्याची राजधानी होती त्याच राज्यात होता, आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्गाने नागपूरशी सरळ जोडलेला होता. पण रोजच्या व्यवहाराची भाषा हिंदी. शेजारच्या मल्याळी वहिनींना ‘नीलांबरी’ कधी ठाऊक झाली नसेल, पण ‘दो रास्ते’तली ती सून मात्र सगळ्या सेक्टरची ओळखीची. लेखकाचं नाव विसरलं गेलं आणि गोष्ट तेवढी राहिली. लोकप्रिय लेखकाच्या नशिबी हे हमखास येतं.

त्याच रेल्वेमार्गावरच्या पुस्तकांच्या गाड्यांवर हिंदीतले काकोडकर राज्य करत होते: गुलशन नंदा. ‘काजल’, ‘नील कमल’, ‘कटी पतंग’, ‘शर्मीली’, ‘दाग’ या सिनेमांमागे त्यांचीच गोष्ट. ‘झील के उस पार’ची पहिली आवृत्ती पाच लाखांची निघाली, असं सांगितलं जातं. 1958 मध्ये सुरू झालेल्या हिंद पॉकेट बुक्सने रुपयाच्या दरात पुस्तकं काढली आणि ‘घरेलू लाइब्रेरी योजना’ काढून ती टपालाने घरपोच पाठवली. कारखान्याच्या वसाहतीला ही योजना अगदी सोयीची. दुकान लांब, पगार दरमहा ठरलेला आणि पोस्टमन दारात. पुस्तक विकत घेण्यासाठी कुणाच्या भुवया उंचावायलाही नकोत.

महाराष्ट्रात हे काम केलं ते सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांनी. अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक कादंबरी आणि एक मासिक. लायब्ररीत आलेलं पुस्तक आधी बाइंडरकडे जायचं. मूळ मुखपृष्ठ आत, वर जाड पुठ्ठा, कण्याला कापडाची पट्टी, आतल्या पानावर तारखांचे शिक्के. शिक्के दाटीवाटीने पडले की समजायचं, पुस्तक चालतंय. समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरेही असायचे. कुणी नायिकेला शाबासकी दिलेली, कुणी शेवट पटला नाही म्हणून खाली दुसरी रेघ ओढलेली, आणि त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात पहिल्याला दिलेलं उत्तर. विद्यापीठात कुणी या समासांचा अभ्यास केला असता तर ‘भाबडा वाचक’ ही कल्पना टिकली नसती.

असा अभ्यास दुसरीकडे झाला. अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक 1984 मध्ये लिहिलं. मध्य-पश्चिमेतल्या एका गावातल्या सुमारे 42 स्त्री वाचकांशी त्या बोलल्या. गावाचं खरं नाव न सांगता त्यांनी त्याला ‘स्मिथटन’ म्हटलं. या बायका हाती येईल ते वाचत नव्हत्या. दुकानातल्या ओळखीच्या विक्रेतीचा सल्ला घ्यायच्या आणि शेवट दुःखी नाही ना, हे बघायला आधी मागची पानं चाळायच्या. नायक क्रूर निघाला की पुस्तक बाद. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर हातात पुस्तक घेऊन बसणं म्हणजे ‘आता थोडा वेळ माझा’ असं घराला बजावणं, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे रॅडवेंना भेटलेली वाचक चोखंदळ होती, हट्टी होती आणि आपल्याला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मराठीत या वाचकाला ओळखून लिहिणाऱ्या बायकाच होत्या. कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर आणि पेशाने डॉक्टर असलेल्या सुमती क्षेत्रमाडे. यांच्या कादंबऱ्यांत प्रेम असायचं, पण त्याच्या चहूबाजूंनी सासर, नोकरी, आजारपण, वडिलांचं कर्ज, न झालेलं लग्न असं सगळं गच्च भरलेलं. क्षेत्रमाड्यांच्या ‘महाश्वेता’वर पुढे दूरदर्शनची मालिका झाली. समीक्षेच्या पुस्तकांत या लेखिकांना जेमतेम परिच्छेद मिळतो. शिक्क्यांची दाटी मात्र यांच्याच पुस्तकांवर.

पुरुष वाचकाची प्रेमकादंबरी वेगळ्या दाराने आली. व. पु. काळे यांचं ‘पार्टनर’ त्यातलंच, आणि सुहास शिरवळकरांचं ‘दुनियादारी’ त्याहून ठसठशीत. रहस्यकथांचा ढीग लिहिणाऱ्या शिरवळकरांनी पुण्याच्या कॉलेजातल्या कट्ट्यावर मैत्री आणि प्रेम एकत्र मांडलं. पोरांनी ते प्रेमकथा म्हणून नव्हे, दोस्तीची गोष्ट म्हणून वाचलं, म्हणून ते उघडपणे हातात धरता आलं. शिरवळकर 2003 मध्ये गेले. दहा वर्षांनी संजय जाधवांचा ‘दुनियादारी’ सिनेमा आला, तिकीट खिडकीवर रांगा लागल्या आणि कादंबरी पुन्हा टेबलांवर मांडली गेली. सिनेमाचा शेवट बरोबर की पुस्तकाचा, यावर घरोघर दोन पिढ्या भांडल्या.

छत्तीसगडच्या मातीतली प्रेमकादंबरी म्हणाल तर ती विनोद कुमार शुक्लांची. भिलाईपासून थोड्याच अंतरावरच्या राजनांदगावला 1937 मध्ये जन्मलेल्या या कवीने ‘दीवार में एक खिड़की रहती थी’मध्ये नवराबायकोचं प्रेम लिहिलं. रघुवर प्रसाद हा लहान गावातल्या कॉलेजात गणित शिकवणारा, सोनसी त्याची बायको. भाड्याची एकच खोली. त्या खोलीच्या खिडकीतून उडी मारली की पलीकडे तळं, झाडं आणि चहा देणारी म्हातारी. खलनायक नाही, गैरसमज नाही, चुकीच्या हाती पडलेलं पत्र नाही. फडक्यांच्या शास्त्राने ही कादंबरी पहिल्या प्रकरणातच कोसळायला हवी. तिला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला खरा, पण खपाची गोष्ट कुणी काढत नव्हतं. आपल्या पुस्तकांचं मानधन फारच तुटपुंजं येतं, अशी खंत शुक्लांनी 2022 मध्ये जाहीरपणे बोलून दाखवली होती.

मग तरुण वाचकांना ही कादंबरी सापडली. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंतून पुस्तकाचं नाव पसरलं, हिंदी न वाचणाऱ्या मुलांनीही ते मागवलं. सप्टेंबर 2025 मध्ये रायपूरच्या कार्यक्रमात ‘हिंद युग्म’ प्रकाशनाने शुक्लांना सहा महिन्यांच्या विक्रीपोटी 30 लाख रुपयांचा धनादेश दिला. ज्ञानपीठ नुकतंच जाहीर झालं होतं, त्याचाही हातभार लागला असणार. पण ज्ञानपीठ मिळालेल्या सगळ्याच लेखकांची पुस्तकं अशी उचलली जात नाहीत. एका खोलीत सुखाने राहणारं जोडपं वाचायला आजच्या विशीतल्या मुलांना का आवडतं, याचं उत्तर प्रकाशकांच्या कुठल्याच आडाख्यात नव्हतं. त्याच वर्षी 23 डिसेंबरला रायपूरमध्ये शुक्लांचं निधन झालं.

आता मराठी प्रेमकथेचा मोठा ओघ मोबाइलवर वाहतो आहे. ‘प्रतिलिपि’सारख्या अ‍ॅपवर कथा भागाभागाने येते आणि लेखिकेला पुढचा भाग लिहायच्या आत वाचकाचं मत कळतं. त्यामुळे नायक फार ताणायला लागला की त्याला वठणीवर आणावं लागतं, लग्न लांबलं की तक्रार येते. भिलाईतल्या मराठी घरातल्या मुलीला हे वाचायला नागपूरच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. एकाच मोबाइलवर ती मराठी मालिका-कथा, हिंदीतले शुक्ल आणि इंग्रजीतलं मिल्स अँड बून असं तिन्ही वाचू शकते, आणि कशात काय कमी आहे ते तिला सांगता येतं. मराठी प्रकाशकांनी या वाचकाला गृहीत न धरता काकोडकर, राजे, क्षेत्रमाडे यांची निवडक पुस्तकं नीट संपादन करून, प्रस्तावनेसह पुन्हा काढायला हरकत नाही. ‘श्यामा’पासून सुरुवात केली, तर निकालाचा मराठी अनुवादही त्याच पुस्तकात परिशिष्ट म्हणून देता येईल.