नंबर आहे, पण लागत नाही

कोल्हापुरात शाहूपुरीच्या रस्त्यावर दुचाकीची क्लच वायर तुटली, की माणूस तिथेच कडेला थांबून मोबाइलवर जवळचं गॅरेज शोधतो. शहराच्या व्यवसाय-सूचीचा खरा उपयोग अशा वेळीच असतो. तरीही कितीतरी सूच्या आजही ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनकडे बघूनच तयार होतात आणि त्यामागे काही गैरसमज घट्ट बसलेले असतात.

‘आमची साइट मोबाइलवर उघडते की!’ हा पहिला. उघडते, पण कशी? पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडायला सांगणारी ओळ नसेल, तर आयफोनचा ब्राउझर ते पान ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आवळून स्क्रीनमध्ये बसवतो. अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठी करावीत तर दुकानाचं नाव दिसतं आणि पत्ता बाहेर जातो. ती ओळ घातली तरी काम उरतंच. नाव, पत्ता, फोन, वेळ अशा रकान्यांचा तक्ता अरुंद स्क्रीनवर मावत नाही, म्हणून प्रत्येक दुकानाची माहिती एकाखाली एक मांडावी लागते.

त्यासाठी वेगळी मोबाइल साइट लागत नाही. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्येच ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या लेखात एकच पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कसं बदलतं ते दाखवून दिलं. दोन साइट ठेवल्या, की दुकानाची वेळ एकीकडे बदलते आणि दुसरीकडे जुनीच राहते.

सर्वात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘नंबर दिलाय ना, मग झालं.’ कुठे दुकानाच्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटोच चढवलेला असतो. फोटोतल्या आकड्यांवर नुसतं बोट टेकवून फोन लागत नाही. ०२३१ हा कोड गाळून दिलेला लँडलाइन नंबर मोबाइलवरून लागतच नाही. तिरकी रेघ मारून पुढे शेवटचे दोनच आकडे लिहायची जुनी छापील पद्धतही फोनला कळत नाही. प्रत्येक नंबर सुटा, मजकुरात आणि मागे कॉलची लिंक जोडून द्यावा. लिंकमध्ये +९१ हवं आणि एसटीडी कोडातला सुरुवातीचा शून्य नको. वाचकाला दिसणारे आकडे देवनागरीत खुशाल असावेत, लिंकमधले मात्र इंग्रजी अंकांतच लागतात. बटणही बोटाला सापडेल असं हवं: अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस ४८ डीपीची आहे, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर.

मग जागा वाचवायला मोबाइलवर माहितीच कमी करायची? तसं केलं तर सूची शोधातही मागे पडते. गूगल आता साइटची नोंद घेताना तिचं मोबाइलवरचं रूपच वाचतं. हा बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं सांगण्यात आलं. दुकानाची वेळ किंवा सेवांची यादी मोबाइलच्या पानातून काढून टाकली, तर गूगलच्या लेखी ती नसल्यातच जमा. घडी उघडून वाचता येईल अशी ठेवली, तर चालते.

‘आमच्याकडे तर झटक्यात उघडते’ हे ऑफिसच्या वाय-फायवरचं मत. पानातला सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष. प्रत्येक दुकानासोबत जिवंत नकाशा जोडला, की हा निकष गाठणं कठीण होतं. त्यापेक्षा ‘रस्ता दाखवा’ ही लिंक पुरेशी आहे.

मग हे सगळं तपासायचं कसं? गूगलचं ‘मोबाइल-फ्रेंडली टेस्ट’ हे साधन डिसेंबर २०२३ मध्ये बंद झालं. ‘लाइटहाऊस’ या दुसऱ्या साधनाने वेग आणि बऱ्याच तांत्रिक चुका तपासता येतात, पण नंबर चालू आहे की नाही हे ते सांगत नाही. त्यासाठी साधा अँड्रॉइड फोन घेऊन, वाय-फाय बंद करून, सूचीतले नंबर खरोखर लावून पाहावे लागतात. जे लागत नाहीत ते दुकानदाराकडून नव्याने घ्यावेत आणि तोवर सूचीतून काढून ठेवावेत.