शिलालेखाची झीज : काळा पाषाण व चुनखडक

शिलालेखाची नोंद करितांना अक्षरांचें वळण, ओळींची संख्या व दगडाची लांबीरुंदी दिली जाते. दगड कोणत्या जातीचा, याविषयीं मात्र बहुधा मौन असतें. अक्षरें किती झिजलीं यावरून लेखाचें वय अजमावण्याकडे आपला कल असतो. दगडाची जात ठाऊक नसल्यास तो अंदाज कसा फसवा ठरतो, हें येथें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

मुळशी तालुक्यांतील मारुंजी येथें माती व मुरूम काढला कीं काळा पाषाण लागतो. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर आलेला शिलारस निवून तो बनला. म्हणून तो अग्निजन्य. मारुंजीच्या शिवारांतलें पाणी पवनेस जावो कीं मुळेस, शेवटीं तें भीमेसच मिळतें. त्याच भीमेच्या कांठीं, कलबुर्गी (पूर्वींच्या गुलबर्गा) जिल्ह्यांत, सन्नति व कनगनहळ्ळि हीं स्थळें आहेत. तेथील दगड चुनखडक होय. प्राचीन समुद्राच्या तळाशीं चुन्याचा गाळ थराथरांनीं सांचून तो घट्ट झाला. म्हणून तो स्तरित. आपली शहाबादी फरशी ती हीच. हा मऊ चुनखडक कठीण काळ्या पाषाणाहून कित्येक पटींनीं जुना आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां लेखांकडे वळूं. कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहन राजा पुळुमावी याचें नांव काळ्या पाषाणांत कोरलेलें आहे. कनगनहळ्ळि येथें १९९४ नंतरच्या उत्खननांत निघालेल्या स्तूपाच्या शिल्पपट्टावर पुळुमावी हेंच नांव चुनखडकांत आढळतें. वंश एकच; परंतु दोन्ही दगड झिजतात ते निरनिराळ्या रीतीनें.

काळ्या पाषाणावर चाकूचा ओरखडा सहसा उठत नाहीं. मात्र शिलारसांतील वायूच्या बुडबुड्यांचीं छिद्रें त्यांत असतात, व त्यांत भरलेले पांढरे खडे गळून पडले कीं खळगे उरतात. ब्राह्मींत अनुस्वार म्हणजे केवळ टिंब. तेव्हां असा खळगा अनुस्वार म्हणून वाचला जाणें सहज शक्य आहे. चुनखडकाचें पोत बारीक असल्यानें नाजूक रेषा त्यावर उत्तम उठते, व दगड मातीखालीं गाडलेला राहिल्यास ती पुष्कळ काळ टिकूं शकते. तोच उघड्यावर राहिला तर पावसाचें किंचित् आम्ल पाणी त्यास विरघळवितें, आणि थराचा पापुद्रा सुटला कीं त्यासरशी ओळच जाते. सारांश, गाडलेला प्राचीन लेख ताजा दिसेल आणि उघड्यावरचा अर्वाचीन लेख पुरातन भासेल.

जात ओळखण्यासाठीं आपोआप गळून पडलेल्या, निरक्षर कपचीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकावा. सर्व पृष्ठ फसफसलें तर चुनखडक. एखादाच पांढरा ठिपका फसफसला तर तो काळ्या पाषाणाच्या छिद्रांत भरलेला खडा असूं शकतो. प्रत्यक्ष लेखावर हा प्रयोग कदापि करूं नये. शेंदूर वा चुना काढण्यासाठीं चिंच, लिंबू लावण्याची चाल चुनखडकाच्या लेखास तर घातकच. त्यानें अक्षरेंच खाल्लीं जातात, आणि गेलेलें अक्षर पुन्हां मिळत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति, कीं ठशासोबत तीन गोष्टी अवश्य लिहाव्या : दगडाची जात, तो उघडा होता कीं गाडलेला, आणि त्यावर छिद्रें आहेत कीं पापुद्रे. काळनिर्णय अक्षरांच्या वळणावरून व मजकुरावरून करावा. झिजेची साक्ष घेणें झाल्यास ती या तीन गोष्टी पाहून मगच घ्यावी.