परसबागेंतील फुलांची पीकपाहणी

घराभोंवतीं चार फुलझाडें नाहींत, असें शेतकऱ्याचें घर आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत क्वचितच आढळेल. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी जास्वंद, विहिरीजवळचा मोगरा, कुंपणावरील गोकर्ण आणि दसऱ्यासाठीं लाविलेला झेंडू, ही आपली नेहमींची बाग. घरोघर मोबाईल आल्यापासून या फुलांचीं छायाचित्रेंही निघूं लागलीं आहेत. परंतु तीं दोन दिवस कौतुकानें पाहिलीं जातात व मग विसरलीं जातात. तींच तारीखवार काढून ठेविलीं, तर शेतकऱ्यास त्यांचा मोठा उपयोग होतो, हें वाचकांच्या नजरेस आणावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमचें उभें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें. गांव नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वीं तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी स्वतः शेतांत उभा राहून, पिकाचें छायाचित्र काढून नोंद करूं लागला. जें शेतांत करितों, तें परसांत कां करूं नये?

झेंडूचेंच उदाहरण घेऊं. दसरा २०२३ सालीं २४ ऑक्टोबरला, २०२४ सालीं १२ ऑक्टोबरला आणि २०२५ सालीं २ ऑक्टोबरला आला. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें सण मागें सरकतो व अधिक मास आला कीं पुन्हां पुढें जातो. रोपाला तिथि ठाऊक नसते. त्यामुळें गेल्या वर्षाच्याच तारखेस लावणी करणाराचा बहर कधीं सणापूर्वीं ओसरतो, तर कधीं सणानंतर येतो. आणि दसरा उलटल्यावर बाजारांत झेंडूस कोण विचारतो?

यास्तव परसांत एका जातीचीं दहा-बारा रोपें लावावींत. लावणीच्या दिवशीं एक, पहिली कळी दिसतांच दुसरें व फूल पूर्ण उमलल्यावर तिसरें, अशीं छायाचित्रें घ्यावींत. शेंडा खुडल्यास फांद्या वाढून फुलें अधिक येतात, परंतु तीं उशिरा येतात. म्हणून अर्धीं रोपें खुडावींत, अर्धीं तशींच ठेवावींत. आपल्या जमिनींत व आपल्या पाण्यावर त्या जातीस किती दिवस लागतात, हें यावरून कळेल. पुढील दसऱ्यापासून तितके दिवस मागें मोजून अर्ध्या एकराची लावणी ठरवावी.

शेवंतीची गोष्ट निराळी आहे. ती रात्र वाढूं लागल्यावर कळी धरते. दिवसाची लांबी व फुलणें यांचा संबंध गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. ज्या कुंडीवर रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर पडतो, ती बहुधा मागें राहते. अंधारांतील व उजेडांतील कुंडीचीं एकाच दिवशीं काढिलेलीं चित्रें शेजारीं ठेवून हें घरींच पडताळतां येईल.

छायाचित्र सकाळच्या कोवळ्या उन्हांत घ्यावें. दुपारच्या प्रखर उन्हांत मोगऱ्यासारख्या पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या वेगळ्या दिसत नाहींत. गुलबक्षी मात्र दुपार कलल्यावर उमलते व प्राजक्त रात्रीं उमलून पहाटे गळतो, तेव्हां त्यांची वेळ आपण सांभाळावी. फुलासोबत सबंध झाड व पानाची खालची बाजूही टिपावी, कारण मावा व कोळी बहुधा तेथेंच दडतात. शेजारीं मोजपट्टी ठेविल्यास आकार कळतो. अशीं चित्रें कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांस दाखविल्यास त्यांनाही रोग ओळखणें सोपें जातें.

मोबाईल बिघडला कीं चित्रें जातात. म्हणून जात, लावणीची तारीख, कळीची तारीख व फुलाची तारीख, एवढ्या चार गोष्टी वहींतही उतरून ठेवाव्यात. येत्या हंगामापासूनच वाचकांनीं हा क्रम सुरू करावा, अशी आमची विनंती आहे.