आधी अर्धवेळवाल्या

बर्मिंगहॅमच्या विटन भागात कायनॉकचा दारूगोळ्याचा जुना कारखाना होता. बंदुकीची काडतुसं बनवणारा. १९८१ साली तिथलं काम घटलं आणि माणसं कमी करायची वेळ आली. कोणाला काढायचं, हे युनियनच्या संमतीनं ठरलं होतं. आधी अर्धवेळ कामगार काढायचे, मग पूर्णवेळवाल्यांत जो शेवटी लागला तो आधी. नियमात 'बाई' हा शब्द कुठेच नव्हता, पण तिथले अर्धवेळ कामगार झाडून सगळ्या बायका होत्या. त्यामुळे वर्षानुवर्षं काडतुसं भरणाऱ्या बाया घरी गेल्या आणि त्यांच्यानंतर लागलेली पूर्णवेळ मंडळी यंत्रांवर कायम राहिली.

त्यांतल्या दोघी न्यायाधिकरणात गेल्या. त्यांच्या हाती १९७५चा लिंगभेद प्रतिबंधक कायदा होता. वरकरणी सगळ्यांना सारखी असलेली अट प्रत्यक्षात बायकांनाच जास्त अडवत असेल आणि मालकाला तिचं सबळ कारण देता येत नसेल, तर तोही भेदभावच, असं तो कायदा म्हणत होता. एकीचं म्हणणं मान्य झालं. दुसरीला मात्र सांगण्यात आलं, की तुझी मुलं मोठी झाली होती, तुला आधीच पूर्णवेळ काम मागून घेता आलं असतं. अपिलात हा युक्तिवाद टिकला नाही. पूर्वी काय करता आलं असतं याची चौकशी नको, ज्या दिवशी कुऱ्हाड पडली त्या दिवशी तिला ती अट पाळता येत होती का, एवढंच बघायचं, असं अपील न्यायाधिकरणानं ठरवलं. दोघीही जिंकल्या. हा निकाल देणारे न्यायमूर्ती ब्राउन-विल्किन्सन पुढे चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या खटल्यामुळे जगाला माहीत झाले. ब्रिटनमधल्या कामगार चळवळीच्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम मात्र या आधीच्या, फारशा गाजावाजा न झालेल्या निकालांत आहे. कपात करताना कामगारांना वेळेवर कळवा, युनियनशी बोला, निकष असे ठेवा की केवळ साहेबाच्या मर्जीवर माणूस जाणार नाही, दुसरीकडे जागा आहे का ते पाहा, हा पाठ ब्रिटिश मालकांना १९८२ साली ब्राउन-विल्किन्सन यांच्याच न्यायाधिकरणानं घालून दिला.

इथे एका शब्दापाशी थांबायला हवं. ब्रिटनमध्ये अशा कपातीला 'रिडन्डन्सी' म्हणतात. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द शाळामास्तरांना ठाऊक आहे: 'अतिरिक्त'. पटसंख्या घसरते, संचमान्यतेत पद उडतं आणि काल वर्गावर असलेले गुरुजी आज अतिरिक्त ठरतात. गुरुजींचं काही चुकलेलं नसतं, जागाच राहिलेली नसते. ब्रिटिश कायद्यातली कल्पना नेमकी हीच आहे. पण जागा दहा आणि माणसं बारा असली, तर अतिरिक्त ठरणारे दोघं कोण, हा प्रश्न उरतोच. सगळं राजकारण त्या निवडीत असतं.

कायनॉकच्या निकालानंतर 'आधी अर्धवेळवाले' ही पद्धत बुडाली, असं वाटेल. तसं झालं नाही. १९८५ साली अगदी तसाच एक खटला एक बाई हरली. बायका आणि पुरुष यांची तुलना नेमक्या कोणत्या गटात करायची, हे ठरवण्याचा अधिकार खालच्या न्यायाधिकरणाचा आहे, असं अपिलात सांगितलं गेलं. खालच्या न्यायाधिकरणानं लहान मुलं असलेल्या घरांपुरतीच तुलना केली होती, आणि तेवढ्या गटात पूर्णवेळच्या अटीचा फटका बायकांनाच फार जास्त बसतो, हे तिला दाखवता आलं नाही. म्हणजे अर्धवेळ कामगाराला संरक्षण हवं असेल, तर आधी 'बायकांवर अन्याय' हे आकड्यांनी सिद्ध करायचं. तिथे अर्धवेळ काम करणारा पुरुष असता, तर त्याला तेही दार बंदच होतं.

शिवाय तासांचा उंबरठा होता. आठवड्याला सोळा तास भरले, तर दोन वर्षांच्या नोकरीनंतर कपातीची भरपाई आणि अन्यायकारक बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मिळे. आठ ते सोळा तास असतील, तर पाच वर्षं थांबा. आठ तासांच्या आत असाल, तर काहीच नाही. १९९४ साली समान संधी आयोगानं सरकारलाच हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, उभं केलं. उंबरठा काढला तर मालक अर्धवेळ नोकऱ्याच देणार नाहीत, असं सरकार म्हणत होतं. त्याला पुरावा नाही, असं लॉर्डांनी म्हटलं आणि हा भेद युरोपीय कायद्यात बसत नाही असं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी तासांची अट गेली.

आणि मग १ जुलै २०००. त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये अर्धवेळ कामगारांसाठी स्वतंत्र नियम लागू झाले. युरोपीय संघाच्या १९९७च्या निर्देशातून ते आले, ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही टिकले. त्यांचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. केवळ अर्धवेळ आहे म्हणून कामगाराला तशाच कामावरच्या पूर्णवेळवाल्यापेक्षा वाईट वागवायचं नाही, आणि पगार-सवलती तासांच्या प्रमाणात द्यायच्या. वेगळं वागवण्यामागे धंद्याचं खरंखुरं, पारखून घेता येईल असं कारण असलं, तरच मालकाची सुटका. आता बाई आहात की पुरुष, हे विचारलं जात नाही, आकडेवारीही लागत नाही. हे संरक्षण कामाच्या पहिल्या दिवसापासून आहे. ब्रिटनमध्ये जवळपास चारातला एक कामगार अर्धवेळ आहे, त्यातही बायकाच जास्त, हे ध्यानात घेतलं की या नियमांचा आवाका कळतो. लंडन, स्लाउ, लेस्टर भागात स्थिरावलेल्या मराठी घरांतही मुलांच्या शाळेची वेळ सांभाळून दुकानात, बँकेत, शाळेच्या ऑफिसात तीन-चार दिवस काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या हातातलं हत्यार हेच.

आजकाल 'आधी अर्धवेळवाले' असं कागदावर कोणी लिहीत नाही. ते गुणपत्रिकेत लपतं. कपातीच्या वेळी प्रत्येकाला गुण दिले जातात, त्यात हजेरी, कौशल्य, शिस्त, विक्री, 'लवचिकता' असे रकाने असतात. या गुणपत्रिकेकडे कंडक्टरच्या हिशेबपट्टीसारखं बघावं. बेरीज बरोबरच असते, खोट एखाद्या रकान्यात असते. समजा, एका दुकानात पाच दिवस काम करणाऱ्यानं वर्षाला शंभर ग्राहक आणले आणि तीन दिवसवालीनं सत्तर. रकान्यात शंभराला नव्वद गुण आणि सत्तरला साठ असे मांडले, तर ती मागे पडली. दिवसांच्या हिशेबानं मात्र शंभर भागिले पाच म्हणजे वीस आणि सत्तर भागिले तीन म्हणजे तेवीसच्या वर. ती पुढे आहे! 'जादा तासांना थांबण्याची तयारी' हा रकानाही असाच. प्रशिक्षणाचे वर्ग नेमके तिच्या सुटीच्या दिवशी ठेवायचे आणि मग 'प्रशिक्षण' या रकान्यात शून्य द्यायचं, हे तर नेहमीचं. कपातीची सल्लामसलत तिच्या सुटीच्या वारी उरकली, तर तीही तक्रार होऊ शकते.

दुसरा प्रकार उघड असतो: पूर्णवेळ ये, नाहीतर जा. २००३ साली अपील न्यायाधिकरणासमोर असाच एक खटला आला. हिशेब खात्यातली एक अर्धवेळ कर्मचारी, कपातीच्या वेळी तिच्यापुढे हाच पर्याय ठेवलेला. ती जिंकली. एका पूर्णवेळ माणसाऐवजी दोन अर्धवेळ माणसं चालतील का, तास थोडे वाढवून भागेल का, याचा विचार न करता नुसतं 'आम्हाला पूर्णवेळच हवं' म्हणणं, हे कारण नव्हे, ती सवय आहे. काही जागा खरंच पूर्णवेळ असाव्या लागतात, नाही असं नाही. पण ते मालकानं दाखवून द्यायचं.

आपल्याला वेगळं वागवलं असं वाटलं, तर मालकाकडे लेखी कारण मागता येतं आणि त्यानं एकवीस दिवसांत ते द्यायचं असतं. (बडतर्फीचं कारण मात्र वेगळ्या नियमानं मागायचं.) उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर न्यायाधिकरण त्यावरून न्याय्य वाटेल तो निष्कर्ष काढू शकतं. हे नियम सांगून हक्क मागितला म्हणून नोकरीवरून काढलं, तर ती बडतर्फी आपोआपच अन्यायकारक. हा भाग लोकांना फारसा माहीत नसतो, आणि माहीत नसल्यामुळे ते घाबरतात.

नियमांना एक मोठी फट आहे. तुलनेला खरा, हाडामांसाचा पूर्णवेळ कामगार लागतो, त्याच मालकाकडचा, साधारण तेच काम करणारा. 'असा कोणी असता तर त्याला बरं वागवलं असतं' हे चालत नाही. २००९ साली शेफील्ड विद्यापीठाच्या खटल्यात हे पक्कं झालं. म्हणजे ज्या खात्यात सगळेच अर्धवेळ, तिथे तुलना कोणाशी करायची? २००६ साली अर्धवेळ अग्निशामकांच्या खटल्यात लॉर्डांनी थोडं औदार्य दाखवलं होतं. कामातले फरक मोजत बसण्यापेक्षा सारखेपणाला वजन द्या, असं त्यांनी बजावलं. पण समोर माणूसच नसेल, तर सारखेपणा कुठून आणणार?

मालकही हुशार असतात. लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टन अँड रॉसेन्डेल कॉलेजात १९९६ साली तासांवर शिकवणारे ३४१ अर्धवेळ प्राध्यापक होते. कायदा बदलत गेला तसे अर्धवेळवाल्यांना पूर्णवेळवाल्यांसारखे लाभ द्यावे लागू लागले होते आणि ते कॉलेजला महाग पडत होते. कॉलेजनं सगळ्यांचे करार संपवले आणि सांगितलं, शिकवायचं असेल तर अमुक एजन्सीत नाव नोंदवा, तिथून आम्ही तुम्हाला बोलावू. वर्ग तेच, फळा तोच, विद्यार्थी तेच. मालक मात्र कागदोपत्री कोणीच नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत घड्याळी तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, दर जूनमध्ये नव्यानं नेमणुकीची वाट बघणाऱ्या सीएचबी प्राध्यापकांना हे वाचून फार नवल वाटणार नाही. ॲक्रिंग्टनच्या प्राध्यापकांतली एक बाई लढली. २००१ साली अपील न्यायालयानं खालच्या न्यायाधिकरणाचे कान उपटले: बायकांना जास्त फटका बसतो हे दिसत असताना, पैसे वाचवण्याचं कॉलेजचं कारण तुम्ही नीट तोललंच नाही. पण पूर्णवेळ पुरुषाच्या पगाराशी एजन्सीतून आलेल्या तिच्या पगाराची तुलना करू द्या, ही तिची मागणी युरोपीय न्यायालयानं २००४ साली फेटाळली. दोघांचा पगार ठरवणारा एकच नव्हता, म्हणून.

आपल्याकडे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कपातीला 'शेवटी आला, तो आधी गेला' हा नियम घालून दिला आणि तो नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. हा नियम त्या त्या वर्गातल्या कामगारांना लागू होतो. अर्धवेळवाल्यांचा वेगळा वर्ग धरायचा की नाही, यावर सगळं ठरतं. अर्धवेळ कामगारही कामगारच आणि कपातीची नोटीस-भरपाई त्यालाही लागू, हे मात्र सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली न्यू इंडिया ॲशुरन्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. झाडलोट करून पाणी भरणारा एक माणूस तिथवर गेला होता.

निवडीत न्याय मिळाला, तरी शेवटी हाती पडणाऱ्या रकमेचं काय? ब्रिटनमध्ये कायदेशीर भरपाई शेवटच्या आठवड्याच्या पगारावर मोजतात. बावीस ते चाळीस वयातल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला एक आठवडा, एक्केचाळिसाव्या वर्षापासून दीड आठवडा, जास्तीत जास्त वीस वर्षं. एप्रिल २०२५ पासून आठवड्याची मर्यादा होती ७१९ पौंड. आता एक बाई घ्या. अठ्ठाविसाव्या वर्षी लागली, दहा वर्षं आठवड्याला ६०० पौंडांवर पूर्णवेळ काम केलं. मूल झाल्यावर तीन दिवसांवर आली, पगार ३६० झाला. दोन वर्षांनी, चाळिशीत, अतिरिक्त ठरली. तिला बारा वर्षांचे बारा गुणिले ३६०, म्हणजे ४,३२० पौंड मिळतील. तेवढीच वर्षं पूर्णवेळ केलेल्या शेजारणीला ७,२००. दोन्ही काळ वेगवेगळे मोजले असते, तर हिचे ६,७२० झाले असते. दहा पूर्णवेळ वर्षं कुठे गेली?

नेमका हाच प्रश्न एका बँक कर्मचारी बाईनं विचारला होता. बाळंतपणानंतर ती अर्धवेळ झाली होती आणि तिच्या बँकेची भरपाई योजनाही शेवटच्या पगारावरच चाले. १९९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तिला परत पाठवलं. ही रक्कम म्हणजे जुन्या कामाचा मोबदला नव्हे, नोकरी गेल्यावर पुढचे दिवस काढायला दिलेला आधार आहे, आणि तो हल्लीच्या पगाराएवढाच असायचा, असा त्यामागचा तर्क. २००० साली आलेले अर्धवेळ नियम एरवी पूर्णवेळवरून अर्धवेळ झालेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या जुन्या, पूर्णवेळ रूपाशी तुलना करू देतात. भरपाईच्या वेळी मात्र ते जुनं रूप कोणी ओळखत नाही.

बेल्जियममधल्या एका बाईचं मात्र वेगळं झालं. तीही मुलासाठी काही काळ अर्ध्या वेळेवर आली होती आणि त्याच काळात तिची नोकरी गेली. पण ती कायदेशीर पालकत्व रजेवर होती, ती रजा अर्धवेळाच्या रूपात घेतलेली. २००९ साली युरोपीय न्यायालयानं सांगितलं, भरपाई पूर्ण पगारावर मोजा. दोघींनीही मुलासाठीच तास कमी केले होते. एकीच्या अर्जावर 'पालकत्व रजा' असं लिहिलेलं होतं, दुसरीच्या नव्हतं.

तास कमी करून घेताना साहेबाशी बोलणं होतं ते बहुतेक वेळा वेळापत्रकाचं असतं: मंगळवार सोडायचा की गुरुवार, मुलाला शाळेतून कोण आणणार. मालकाची स्वतःची भरपाई योजना असेल तर ती कोणत्या पगारावर चालते, आणि पूर्णवेळची वर्षं त्यात पूर्णवेळ म्हणून धरणार का, हे विचारून लेखी घ्यायची वेळ तीच असते. नंतर विचारलं तर साहेब टेबलाच्या पलीकडे गुणपत्रिका घेऊन बसलेला असतो.